बिअरला पॉपकॉर्नचा वास का मारतो?

घरी बनवलेल्या बिअरची पहिली बाटली उघडली आणि तोंड वाकडं झालं की बहुतेक जण लगेच म्हणतात, इन्फेक्शन झालं, ओतून टाका. थांबा जरा. बऱ्याचदा जंतूंचा काही संबंधच नसतो, यीस्टचं काम अर्धवट असताना आपणच घाई केलेली असते, आणि नेमकी कुठे माती खाल्ली ते वासावरून बऱ्यापैकी कळतं.

लोण्याचा किंवा बटरवाल्या पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल. यीस्ट वाढताना स्वतःसाठी व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल बनवत असतं, त्यातला एक अर्धाकच्चा पदार्थ पेशीबाहेर झिरपतो आणि बाहेर आल्यावर हळूहळू आपोआप त्याचं डायअ‍ॅसिटिल होतं. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी नाकाला कळतं! पण गंमत अशी की तेच यीस्ट नंतर ते परत आत ओढून घेतं आणि जवळजवळ वास नसलेल्या पदार्थात बदलून टाकतं, म्हणजे पसारा घालणारा आणि आवरणारा एकच, फक्त त्याला वेळ आणि ऊब हवी. लॅगर नावाची बिअर गारव्यात, १० डिग्रीच्या आसपास आंबवतात, तिथे यीस्ट सुस्तावतं, म्हणून फर्मेंटेशन संपत आलं की तापमान १६ ते १८ डिग्रीवर नेऊन दोनतीन दिवस तसंच ठेवायचं.

बाटल्या भरायच्या आधी एक टेस्ट करा. दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर घ्या, एक ग्लास झाकून ६० डिग्रीच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, गार झाला की दोन्ही हुंगा. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला तर तो अर्धाकच्चा पदार्थ अजून शिल्लक आहे, बाटल्या बाजूला ठेवा.

हिरव्या सफरचंदाचा वासही बहुतेक वेळा घाईचाच. साखरेपासून अल्कोहोल होताना शेवटून दुसरा टप्पा असतो अ‍ॅसिटाल्डिहाइडचा, तिथेच गाडी थांबलेली असते. इथेही थांबणं हाच उपाय.

उकडलेल्या मक्याचा वास आला तर मात्र यीस्ट निर्दोष. तो डायमिथाइल सल्फाइडचा, माल्टमधून (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, तापवताना तयार होतो आणि वाफेबरोबर उडून जातो, पण आपण भांड्यावर झाकण ठेवलं की तीच वाफ थेंब होऊन परत आत. झाकण काढून जोरात उकळा, फिक्कं पिल्सनर माल्ट असेल तर ९० मिनिटं.

दवाखान्यातल्या मलमपट्टीसारखा वास आला की पाणी बघा. मी दोन बॅच यीस्टला शिव्या घातल्या आणि चोर निघाला नळाच्या पाण्यातला क्लोरीन, माल्टमधल्या फिनॉलशी जुळून तो क्लोरोफिनॉल बनवतो. चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आधीच पाण्यात टाकलं की प्रश्न मिटतो (लवंगेचा वास वेगळा हं, जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये तो मुद्दाम आणतात).

बाटली उन्हात राहिली तर हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या एका वेलीच्या फुलांचा) कडूपणा देणारे रेणू प्रकाशाने तुटतात आणि स्कंक नावाच्या प्राण्यासारखी दुर्गंधी सुटते, काही मिनिटांतसुद्धा. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, हिरवी फारसा नाही.

आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास? भरताना खळखळाट करून हवा मिसळली, ऑक्सिजनने काम केलं, आता इलाज नाही. उरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ढकला म्हणजे निदान आणखी बिघडायचा वेग कमी होईल, आणि पुढच्या वेळी नळी बाटलीच्या तळापर्यंत घालून भरा.