‘नाक बंद’ एवढं लिहून भागत नाही
(कान-नाक-घसा दवाखाने व छोट्या रुग्णालयांसाठी माहितीपत्रक)

लातूर, नांदेड, परभणीकडून कोडिंगसाठी (म्हणजे विम्याच्या क्लेमकरता निदानाला आयसीडी-१० या आजारांच्या यादीतला कोड देण्यासाठी) आमच्याकडे येणाऱ्या अनेक केस पेपरांवर नाकाबद्दल एकच ओळ असते : ‘नाक बंद, जुना त्रास.’ ही पेशंटची तक्रार झाली. निदान तुमचं, आणि ते कागदावर नसेल तर आम्ही मनाने कोड टाकत नाही.

नाक चोंदण्यामागे काय आहे, यावर कोड ठरतो. पडदा वाकडा असेल तर जे ३४.२, नाकातली हाडं वाढली असतील तर जे ३४.३, जुनी सर्दी जे ३१.०, कोंब (पॉलिप) जे ३३, जुनं सायनस जे ३२. सायनसला ‘जुनं’ म्हणायचं तर त्रास १२ आठवड्यांच्या वर हवा. म्हणून ‘बरेच दिवस’ऐवजी किती महिने ते लिहा. अॅलर्जीचा गट जे ३०. गाजर गवताच्या परागामुळे असल्याचं तुमचं मत असेल तर जे ३०.१, कारण लिहिलंच नसेल तर जे ३०.४ वर थांबावं लागतं. तूर-सोयाबीनच्या मळणीची धूळ, जिनिंगमधलं काम, हेही विचारून नोंदवा. पडदा वाकडा आणि हाडंही वाढलेली, असं असेल तर दोन्ही लिहा. एक मुख्य, दुसरं जोडीचं.

इंटरनेटवर सापडणारा आर ०९.८१ हा कोड या यादीच्या अमेरिकी आवृत्तीतला आहे, शिवाय तो नुसत्या लक्षणाचा. ऑपरेशनच्या क्लेमवर तो मुख्य निदान म्हणून टाकला की क्वेरी आलीच समजा.

मेडिकलमधून परस्पर घेतलेले नाकाचे थेंब हा आपल्याकडचा मोठा विषय. नाक मोकळं करणारे थेंब सलग वापरले की त्यांच्यामुळेच नाक पुन्हा चोंदतं. थेंबाचं नाव आणि किती दिवस घातले, हे पेशंट आपणहून सांगत नाही, विचारावंच लागतं.

ऑपरेशनच्या फाइलमध्ये तीन गोष्टी हव्यातच : दुर्बिणीने काय दिसलं आणि कोणत्या बाजूला, सायनसच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट, आणि आधी कोणती औषधं किती काळ देऊन पाहिली. शेवटची हमखास राहते. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) मात्र नेमकं तेच विचारतो.

आता कालावधीचं. सायनस आणि वाकड्या पडद्याच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिस्यांत प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ त्याचा क्लेम मिळत नाही. त्यामुळे ‘५ वर्षांपासून’चं ‘५ महिन्यांपासून’ करून द्या, असं नातेवाईक म्हणतात. तसं करू नका. आमच्याकडून तर होणारच नाही. पण अंदाजाने ‘लहानपणापासून’ लिहून टाकणं हेही पेशंटचं नुकसानच. विचारा, आणि सांगितलं तेवढंच लिहा.

क्लेम फॉर्मचा भाग ब रुग्णालयाने भरायचा असतो. कोडचे रकाने त्यातच आहेत. ते आम्ही भरतो, म्हणून कोरे ठेवून सही-शिक्का मारून पाठवा. सोबत केस पेपर, डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोटची स्वच्छ स्कॅन प्रत द्या. व्हॉट्सअॅपवरच्या तिरक्या फोटोंतले आकडे वाचता येत नाहीत.