सी-शार्पची लायब्ररी आणि सी-शार्पचा डीकोडर: दोन्ही एक नव्हेत

सी-शार्प प्रोग्रॅममध्ये एमपी३ फाइल वाचायचा प्रश्न निघाला की 'एनऑडिओ काय, एनलेयर काय, दोन्ही डॉटनेटच्याच (सी-शार्प ज्यावर चालते त्या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मच्या) लायब्ररी. कुठलीही घ्या' असं सर्रास सांगितलं जातं. हा सल्ला चुकीचा आहे.

एनऑडिओ ही आवाज हाताळायची लायब्ररी बहुतेकांनी वापरलेली असते, म्हणून तिच्या वाजवण्या-मिसळण्याबद्दल इथे लिहीत नाही. तिचा एमपी३ फाइल-रीडर आयडी३ टॅग (गाण्याचं नाव-गायक वगैरे माहिती) ओलांडतो, फ्रेमची, म्हणजे दाबलेल्या आवाजाच्या छोट्या तुकड्यांची, हेडरं वाचतो, लांबी मोजतो. एवढं सगळं सी-शार्पमध्येच होतं. फ्रेम उलगडण्याचं खरं काम मात्र तो विंडोजच्या एसीएम कोडेककडे (विंडोजमधल्या, आवाज उलगडणाऱ्या भागाकडे) देतो. सोलापूरच्या नवी पेठेतलं दुकान चादरीची ऑर्डर घेतं, पण चादर विणली जाते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. माग बंद असेल तर दुकान उघडं असून उपयोग काय? एनलेयर हा एमपी३ डीकोडर, आणि त्याचा माग दुकानातच आहे. हफमन कोड (एमपी३मधले दाबलेले आकडे) सोडवण्यापासून आवाजाच्या 32 उपपट्ट्या (फ्रिक्वेन्सीचे भाग) जोडून आवाज तयार करण्यापर्यंत सगळं सी-शार्प.

सोलापुरात विंडोज लॅपटॉपवर सुरळीत चाललेला प्रोग्रॅम लिनक्स सर्व्हरवर चढवला की फरक दिसतो. एमएसएसीएम३२ डीएलएल, म्हणजे एसीएमची विंडोज फाइल, सापडत नाही, असा एरर येतो. विंडोज सर्व्हरवर कोडेक नसेल तर 'नोड्रायव्हर कॉलिंग एसीएम-फॉरमॅट-सजेस्ट' येतं. डीकोडर फाइल उघडतानाच तयार होतो, त्यामुळे एररही तिथेच येतो आणि लोक फाइलला दोष देतात. मग तीच फाइल चार वेळा नव्याने एन्कोड होते. फाइल ठणठणीत असते. कुठूनतरी ती डीएलएल आणून फोल्डरमध्ये टाकायचा उपाय तर कृपा करून कुणाला सांगू नका. लिनक्सवर ती चालणारच नाही.

एनऑडिओ सोडायचीही गरज नाही. एनऑडिओ-कोअर आणि एनलेयरचं एनऑडिओ-सपोर्ट ही पॅकेजं घ्या, 'एमपी३-फाइल-रीडर-बेस' वापरा आणि त्याला फ्रेम डीकॉम्प्रेसर म्हणून एनलेयरचा द्या. बदल एका ओळीचा आहे.

त्या एका ओळीनंतर खरखर आली तर दचकू नका. एसीएम 16 बिटांचे पूर्णांक देत होता, एनलेयर 32 बिटांचे फ्लोट (दशांश आकडे) देतो. पुढचा कोड दोन-दोन बाइट उचलत असेल तर निव्वळ गोंगाट ऐकू येईल. आकडे गृहीत न धरता रीडरचा वेव्ह-फॉरमॅट (नमुना किती बिटांचा, कुठल्या प्रकारचा हे सांगणारी नोंद) तपासा. 16 बिटच हवे असतील तर नमुना -1 ते 1 मध्ये दाबून 32767ने गुणा. एनलेयर थेट वापरत असाल तर 'रीड-सॅम्पल्स'ला फ्लोटचा अ‍ॅरे दिला की काउंट बाइटचा नसून फ्लोटचा असतो, दोन्ही चॅनेल मिळून.

मेमरीचंही पाहा. 44,100 हर्ट्झची तीन मिनिटांची स्टिरिओ फाइल फ्लोटमध्ये उलगडली की सुमारे 63.5 एमबी होते. अख्खी फाइल एका अ‍ॅरेत ओतू नका, तुकड्यांनी वाचा. वाचताना शून्य परत आलं की फाइल संपली.

प्रोग्रॅम फक्त विंडोज डेस्कटॉपवर चालणार असेल तर एसीएम ठेवा, काही बिघडत नाही. सर्व्हरवर जाणार असेल तर पहिल्या दिवसापासून एनलेयरच.