केबिनचं माउंटिंग: रबर बसवायचं की पीयू?

जुन्या ट्रकच्या मालकांसाठी

"केबिनचे रबर गेलेत, आता पीयूच द्या, एकदाचं काम होऊन जाईल." काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. माउंटिंग म्हणजे केबिन आणि चासी यांच्या मधले गादीसारखे बुश; ते रबराचे असतात किंवा पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे. आम्ही दोन्ही विकतो, आणि पीयूच्या सेटमध्ये आम्हाला दोन पैसे जास्त सुटतात. तरी दहातल्या आठ जणांच्या हातात आम्ही रबरच ठेवतो. त्याचं कारण गर्दीत नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

उसाच्या फडातून भरलेली गाडी निघताना आठवा. एक चाक सरीत, दुसरं बांधावर. चासी पीळ खाते, आणि खायलाच हवी, ती तशीच घडवलेली असते. केबिन मात्र पातळ पत्र्याची पेटी. चासीचा पीळ तिच्यापर्यंत जाऊ न देणं, हे माउंटिंगचं मोठं काम. रबर दाबलं जातं, ताणलं जातं, तिरकंही होतं, आणि पीळ स्वतःच्या अंगावर घेतं. पीयू कडक. ते फारसं दबत नाही, मग पीळ पत्र्यात उतरतो. दरवाजाच्या खांबाच्या बुडाशी किंवा समोरच्या काचेच्या कोपऱ्यात भेग दिसली की वेल्डिंगवाल्याकडे फेऱ्या सुरू. खडी-मुरमाच्या टिपरवाल्यांना वाटतं, रस्ता खराब म्हणून माल कडक हवा. नेमकं उलटं आहे.

दुसरं काम हादऱ्याचं. सहा सिलिंडरचं इंजिन ६०० आरपीएमवर उभं असतं तेव्हा सेकंदाला ३० वेळा ठोका देतं. आमच्याच माल पोचवायच्या गाडीला आम्ही हौसेने पीयू बसवलं होतं. चालू गाडीत फरक कळेना, पण सिग्नलला थांबलं की साइडच्या आरशात मागची गाडी दुहेरी दिसायची. ड्रायव्हरने महिनाभर सोसलं, मग एका संध्याकाळी चावी टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी रबर बसलं.

कडकपणा शोर-ए या मापात सांगतात. केबिनचं रबर साधारण ५० ते ६५, बाजारातलं पीयू बहुधा ८० च्या पुढे. रंगावर जाऊ नका. लाल, पिवळा, काळा हा नुसता रंग असतो.

पीयू वाईट आहे असं नाही. नैसर्गिक रबराचा वैरी म्हणजे डिझेल आणि ऑइल. माउंटिंगवर गळती होत असेल तर रबर फुगतं, मऊ पडतं. गळती बंद करणं हाच खरा इलाज, पण ते जमत नसेल तर पीयू टिकतं. गाडी डांबरी रस्त्यावरच, हलक्या मालावर चालत असेल आणि केबिन डुलते हीच तक्रार असेल, तरीही पीयू चालेल. घेताना एवढं विचारा: पॉलिएस्टरचं की पॉलिईथरचं? पॉलिएस्टर जातीचं पीयू दमट उष्ण हवेत कालांतराने आतून सुटतं आणि भुगा होतं. कोकणात गाडी फिरत असेल तर पॉलिईथरच घ्या. विकणाऱ्याला फरक सांगता आला नाही तर दुसरं दुकान बघा.

आणि रबर घेताना नवं रबर नवंच आहे ना, ते बघा. पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं. अंगठ्याने वाकवा. वाकलेल्या जागी बारीक भेगा उघडल्या तर परत ठेवा.

बसवताना बहुतेक गोंधळ नटावर होतो. बुशच्या मधली लोखंडी नळी उगाच नसते. वॉशर नळीला टेकेपर्यंतच आवळायचं, कारण रबर किती दाबायचं हे त्या नळीची लांबी ठरवते. नळी गंजून गेली म्हणून ती न घालता नट आवळला की रबर चेपून गोळा होतं आणि सहा महिन्यांत फाटतं. केबिन उचलताना जॅक थेट पत्र्याला लावू नका, मध्ये जाड फळी घ्या. त्याआधी बॅटरीची वायर काढा, स्टिअरिंगचा दांडा आणि क्लचचा पाइप ताणला जात नाही ना ते बघा. सगळे बुश एकदम बदला. एका बाजूला जुनं, दुसऱ्या बाजूला नवं ठेवलं की केबिन तिरकी बसते आणि दरवाजा घासायला लागतो. ब्रॅकेट गंजलं असेल तर आधी ते. कुजक्या लोखंडावर कुठलंही माउंटिंग बसवून उपयोग नाही.

केबिन बॉडीवाल्याकडे बांधून घेतलेली असेल तर पार्ट नंबर विचारू नका, तो नसतोच. जुने बुश, वॉशर आणि नळी काढाल तशी एका पिशवीत घालून आणा, कितीही फाटलेली असली तरी. मापं त्यावरूनच घेतो.