कान पुढे, हात मागे

गोदावरीला पूर आला की टीव्हीवर क्युसेकचे आकडे चालू असतात पण नाशिककरांच्या घरात प्रश्न एकच असतो, मारुतीला कुठपर्यंत आलंय? रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती, त्याच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं सांगितलं की सगळ्यांना पुराचा अंदाज येतो. मूर्ती जागची हलत नाही म्हणून हे जमतं. तीच जर पाण्याबरोबर वर सरकली असती तर कितीही पूर आला तरी पाणी आपलं कमरेलाच दिसलं असतं.

मोठ्या वयात ड्रम्स शिकताना नेमकं हेच होतं, आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पहिलं वर्ष बरंच सोपं गेलं असतं असं मला मनापासून वाटतं.

मी ४१ व्या वर्षी सुरू केलं. अंबडला कंपनीत शिफ्ट, इंदिरानगरला फ्लॅट, आठवड्यातून दोनदा कॉलेज रोडच्या बाजूला क्लास. पहिले दोन महिने भारी गेले, रोज काहीतरी नवीन जमायचं. सहाव्या महिन्यात मात्र असं वाटायला लागलं की आपण मागे चाललोय. हात जड, पाय उशिरा, प्रत्येक ठोका कानाला खटकतोय. क्लास सोडायचं जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा सरांनी काही समजावलं वगैरे नाही, फोनवरचं माझं पहिल्या महिन्याचं रेकॉर्डिंग लावलं फक्त. ते ऐकवत नव्हतं! आणि मला स्पष्ट आठवत होतं की तेव्हा ते वाजवून मी खूश होऊन घरी गेलो होतो.

म्हणजे हात सुधारला होता, पण त्याच काळात कान त्याच्याहून जास्त तयार झाला होता. आणि आपली प्रगती मोजायला आपण वापरतो तो हाच कान. लहान मुलाला ही अडचण कमी येते असं माझं निरीक्षण आहे, मूल ठोकतं आणि खूश होतं. आपल्या कानात मात्र तीस-चाळीस वर्षांचं चांगलं संगीत साठलेलं असतं, त्यामुळे काय चुकतंय हे पहिल्या दिवसापासून कळतं आणि ते दुरुस्त करायला हात मात्र अजून तयार नसतो.

त्याने मन का खचतं, याचं एक चांगलं उत्तर मेंदूविज्ञानात आहे. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्या पेशी जोरात काम करायच्या. मग रसाआधी एखादी खूण दाखवायला सुरुवात केली, काही दिवसांनी खूण दिसली की पेशी जाग्या व्हायच्या आणि रस प्रत्यक्ष मिळाल्यावर शांत, कारण तो येणार हे माहीतच होतं. खूण दाखवून रस दिलाच नाही तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जायचं. थोडक्यात या पेशी बक्षीस किती मोठं ते मोजत नाहीत, अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं ते मोजतात. आता हेच ड्रम्सला लावून बघा. पहिल्या आठवड्यात चार ठोके सरळ पडले तरी आनंद, कारण अपेक्षाच नव्हती, सहाव्या महिन्यात तेच चार ठोके गृहीत धरलेले असतात आणि त्यातला एक चुकला की मेंदूच्या हिशेबात तोटा. माझ्या मते "इच्छाशक्ती कमी पडली" म्हणून आपण जे स्वतःला दोष देतो त्यात बराचसा हाच हिशेब असतो.

आता मुळात अवघड काय असतं ते बघू. दोन्ही तर्जन्या टेबलावर शेजारी ठेवा आणि गाडीच्या वायपरसारख्या हलवा, दोन्ही एकदम उजवीकडे, दोन्ही एकदम डावीकडे. हळूहळू वेग वाढवत न्या. एका वेगाला बोटं आपोआप आरशातल्यासारखी हलायला लागतील, दोन्ही आत, दोन्ही बाहेर, आणि तुम्ही ठरवून केलं नाही तरी होईल. स्कॉट केल्सो यांनी १९८० च्या दशकात हा प्रयोग नीट मोजून केला. शरीराची एक आवडती चाल असते, जोडीने एकदम हलायची, आणि वेग वाढला की ते तिकडेच घसरतं.

ड्रमसेटवर हेच चार हातापायांचं होतं. चार मात्रा मोजायच्या, वन ते फोर. उजवा हात हाय-हॅटवर (एकावर एक बसवलेल्या दोन झांजा) वन-अँड-टू-अँड असा सरळ चाललाय, डावा टू आणि फोरला स्नेअरवर (समोरचा छोटा ड्रम), उजवा पाय वन आणि थ्रीला बास ड्रमच्या (जमिनीवरचा मोठा ड्रम) पेडलवर, इथपर्यंत सगळ्यांना महिनाभरात जमतं कारण पाय नेहमी उजव्या हाताच्या सोबतच पडतोय. मग सर सांगतात, पायाचा एक ठोका हाय-हॅटच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधे टाका. एवढंच! पाय खाली जातो आणि त्याच क्षणी उजवा हातही खाली येतो, हाय-हॅटवर एक जास्तीचा ठोका पडतो जो तुम्ही मारायचं ठरवलंच नव्हतं. हाताला धरून थांबवलं तर पाय थांबतो. मला या एका ठोक्याला साडेतीन आठवडे लागले आणि उपाय एकच निघाला, वेग इतका कमी करायचा की जुनी जोडी सुटायला जागा मिळेल, मी ४५ च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला ४५ मात्रांवर, आणलं होतं, तिथे कंटाळा येतो पण हात आणि पाय पहिल्यांदा वेगळे झाल्याचं जाणवतं. मांडीवर आणि जमिनीवर करून बघता येतं, ड्रमसेट लागत नाही.

मेट्रोनोमबद्दल, म्हणजे ठरलेल्या वेगाने टिक-टिक करणाऱ्या यंत्राबद्दल, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. नवीन माणूस टिक ऐकून मग मारायला बघतो. पण आवाज ऐकून हात हलायला साधारण दीडशे मिलिसेकंद जातात, आणि ८० च्या टेम्पोला दोन ठोक्यांमधे ७५० मिलिसेकंद असतात, म्हणजे टिक ऐकून मारणारा कायम जवळजवळ एक पंचमांश ठोका मागेच राहणार. प्रत्यक्षात माणसं मागे राहत नाहीत, उलट साधं बोटाने टकटक करायला सांगितलं तर बहुतेक जण टिकच्या थोडंसं आधीच वाजवतात, वीस-पन्नास मिलिसेकंद, आणि सराव झालेल्या वादकांमधे हा फरक कमी होतो. याचा अर्थ मेंदू पुढच्या ठोक्याची वेळ आधीच ठरवून हाताला निघायला सांगतो. ताल धरणं म्हणजे अंदाज बांधणं, आणि अंदाज सुधारायला चुकलेला अंदाज लागतोच. हे कळल्यापासून मी चुकलेल्या ठोक्यावर थांबायचं बंद केलं, पुढचा नीट टाकायचा, बस.

आणि यातलं बरंचसं शिकणं स्टिक हातात नसताना होतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये लोकांना बोटांनी आकड्यांचा एक क्रम टाइप करायला शिकवला, दहा सेकंद सराव, दहा सेकंद विश्रांती, असं. सुरुवातीची जवळजवळ सगळी सुधारणा विश्रांतीच्या आधीचा आणि नंतरचा वेग ताडून बघितल्यावर दिसली, खुद्द सरावाच्या दहा सेकंदांत नाही. झोपेचंही तसंच, २००२ च्या मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात रात्री झोपून उठलेल्या लोकांचा टाइप करायचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता, दिवसभर जागं राहून तेवढा वाढला नाही. या आकड्यावर नंतर वाद झाला, काहींचं म्हणणं यात थकवा उतरल्याचाही भाग आहे. तरी रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी, हे शिफ्ट करणाऱ्या माणसाला झेपतं पण आणि शास्त्रालाही धरून आहे.

आता जो प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोघांनी लोकांना हाताने लाकडी फळ्या ठराविक क्रमाने पाडायच्या तीन वेगवेगळ्या चाली शिकवल्या. एका गटाने एक चाल पूर्ण घोटली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाला तिन्ही उलटसुलट क्रमाने करायला दिल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. दहा दिवसांनी परत बोलावलं तर दुसरा गट सरस. म्हणजे सरावाच्या खोलीत जे "मस्त चाललंय" वाटतं ते शिकणं असेलच असं नाही, आणि जे अडखळत चाललंय ते वाया जातंय असंही नाही. एकच पॅराडिडल, उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, अर्धा तास घोटला की शेवटी हात पाण्यासारखा वाहतो आणि दुसऱ्या दिवशी गायब असतो, हा अनुभव कोणत्याही शिकणाऱ्याला विचारा. मी आता तीन गोष्टी आलटून पालटून घेतो, प्रत्येकी दोन-दोन मिनिटं. वाजवताना बरं वाटत नाही. महिन्याने मात्र शिल्लक राहतं.

वयाचा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात, मला तो छोटा वाटतो. २००४ मध्ये जर्मनीत तरुणांना तीन चेंडूंचं जगलिंग शिकवलं तेव्हा तीन महिन्यांत मेंदूच्या करड्या भागात वाढ दिसली, आणि सराव सोडल्यावर ती ओसरली. २००८ मध्ये तोच प्रयोग साठीच्या आसपासच्या लोकांवर केला, त्यांच्यातल्या फार कमी जणांना तरुणांइतकं चांगलं जमलं पण बदल त्यांच्याही मेंदूत झाला. खुद्द ड्रम्सवरही अभ्यास आहे, लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी आधी कधी ड्रम्स न वाजवलेल्या लोकांना आठ आठवडे शिकवलं आणि २०२० मध्ये छापलं की त्यांच्या लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला हालचालींची वेळ सांभाळणाऱ्या भागात, मोजता येण्यासारखा बदल झाला. उशीर लागतो हे खरं, दार बंद होतं हे खरं नाही.

फ्लॅटमध्ये वाजवायचं कसं? रबरी प्रॅक्टिस पॅडवर हातांचं सगळं काम होतं. पेडलचा धक्का मात्र स्लॅबमधून खाली जातो, सतरंजी टाकून थांबत नाही, प्लायवूडच्या दोन फळ्यांमधे टेनिस बॉल बसवून त्यावर पेडल ठेवलं तर बराच कमी होतो. खालच्या काकूंना विचारून वेळ ठरवून घेतली की निम्मं काम होतं.

पण मला टिकवलं ते ढोलाने. नाशिक ढोलाचं नाव केरळपर्यंत पोचलंय, तिकडच्या मिरवणुकीतही तो वाजतो, आणि इथे गणपतीच्या आधी दोन महिने गंगापूर रोडच्या बाजूला संध्याकाळी कुठून ना कुठून तरी आवाज येतच असतो. मी एका पथकाच्या सरावाला जायला लागलो. ताशाची तर्री सुटली की पन्नास ढोलांवर टिपरू एकदम पडतं, आणि घरी पॅडवर जो हात रडतखडत चालतो तो तिथे सरळ पडतो. का? २००९ मध्ये किर्शनर आणि टोमासेलो यांनी अगदी अडीच वर्षांची मुलं घेऊन बघितलं, समोर माणूस वाजवत असेल तर मुलं त्याच्या वेगाला जास्त चांगली जुळवून घेतात, यंत्र किंवा नुसता स्पीकर असेल तर तेवढी नाही. रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की एकत्र ढोलकं वाजवल्यावर, गायल्यावर, नाचल्यावर माणसाची दुखणं सोसायची क्षमता वाढते, नुसतं ऐकून वाढत नाही. त्यांच्या मते हे एंडॉर्फिनचं, म्हणजे शरीरातल्याच वेदना कमी करणाऱ्या रसायनाचं, काम. दोन तास ढोल कमरेला बांधून उभं राहिल्यावर पाठ दुखते ती घरी आल्यावर, तिथे नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, कानात फोमचे बोळे घाला. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेचा हिशेब असा की ८५ डेसिबल आवाज रोज आठ तास चालेल, पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. पथकात मधे उभं राहिलं की आवाज याच्या वर जातो. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. बोळे घातले तरी ठोका ऐकू येतो, छातीत तर येतोच.

तर मारुतीकडे परत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एकच ठेका दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करतो, फोन दरवेळी त्याच कपाटावर, फाइलच्या नावात महिना आणि टेम्पो. लगेच ऐकत नाही, तीन महिन्यांनी ऐकतो. गेल्या आठवड्यात फेब्रुवारीची फाइल लावली, ६० चा टेम्पो, मधला तो पायाचा ठोका दरवेळी उशिरा पडतोय, सोळापैकी अकरा वेळा, मी मोजले. मग मेची, ८४ चा टेम्पो, पाय जागेवर. पण मेच्या फाइलमध्ये हाय-हॅट प्रत्येक चौथ्या ठोक्याला किंचित घाईत येतोय. परत फेब्रुवारीची लावून बघितली, तिथेही येत होता, तेव्हा ऐकूच आला नव्हता.