हार्ड डिस्क जायला लागली की आधी क्लोन, दुरुस्ती नंतर

लॅपटॉप सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लागतात, एखादा फोल्डर उघडला की सगळं गोठतं, माऊस हलतो पण क्लिक काही होत नाही, आणि कान लावला तर आतून बारीक कर्र कर्र ऐकू येतं. अशा वेळी बहुतेक जण अँटिव्हायरस चालवतात, कुणीतरी सांगितलं म्हणून चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) लावतात, डीफ्रॅग करतात म्हणजे विखुरलेल्या फाइल एकत्र लावतात, नाहीतर दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणतात. यातलं काहीही केलं तरी आजारी डिस्कला आणखी राबवलं जातं, आणि तिच्यात जेवढा जीव शिल्लक होता तो भलत्याच कामात जातो. मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच, की डिस्क बिघडतेय अशी नुसती शंका आली तरी पहिलं काम म्हणजे तिचा क्लोन, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल, नव्या डिस्कवर काढणे, आणि दुरुस्ती वगैरे जे काय करायचंय ते त्या क्लोनवर करायचं.

का ते कळायला आत डोकवावं लागेल. हार्ड डिस्कमध्ये ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या एकदम गुळगुळीत तबकड्या असतात, त्यांच्यावर चुंबकीय थर, आणि लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे मारतात म्हणजे सेकंदाला ९०, डेस्कटॉपच्या बऱ्याच डिस्कमध्ये ७२००. साडेतीन इंची डिस्क ७२०० ने फिरत असेल तर तबकडीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळत असते. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही, फिरण्यामुळे हवेचा जो पातळ थर तयार होतो त्याच्यावर ते तरंगतं, आणि आजच्या डिस्कमध्ये हे अंतर जेमतेम काही नॅनोमीटर असतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा की आत धुळीचा एक कण गेला तरी काय होत असेल. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा २४ इंची ५० तबकड्या मिळून पावणेचार एमबीच्या आसपास मावायचं, आज खिशात मावणाऱ्या डिस्कवर एक टीबी बसतो, आणि एवढी दाटी केली की हेड तितकंच जवळ न्यावं लागतं.

डेटा लिहिला जातो सेक्टरमध्ये, म्हणजे ठराविक मापाच्या छोट्या तुकड्यांमध्ये, जुन्या डिस्कमध्ये ५१२ बाइटचा एक आणि साधारण २०१० नंतरच्या बऱ्याच डिस्कमध्ये ४०९६ बाइटचा. प्रत्येक सेक्टरबरोबर चूक सुधारायचा एक कोडही असतो, त्यामुळे थोडंफार चुकीचं वाचलं गेलं तर डिस्क हिशोब करून स्वतःच बरोबर करून घेते, आपल्याला पत्ताही लागत नाही. चूक जास्त असेल तर ती तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते, हेड किंचित इकडे तिकडे सरकवून बघते, आणि घरगुती डिस्क या प्रयत्नात एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद घालवतात. लॅपटॉप गोठतो तो नेमका तेव्हा. एवढं करूनही वाचता आलं नाही तर तो सेक्टर ‘पेंडिंग’ यादीत जातो, आणि त्या जागी नवीन काहीतरी लिहिलं जाईपर्यंत डिस्क सहसा त्याचा निकाल लावत नाही. लिहायची वेळ आली की ती जागा तपासते, खराब निघाली तर राखीव जागेतला सेक्टर तिथे लावून देते. आता लक्षात येईल की फुल फॉरमॅट मारल्यावर डिस्क ‘बरी’ का वाटते. सगळीकडे शून्य लिहिलं गेलं, पेंडिंगचा आकडा खाली आला, आणि त्या सेक्टरमध्ये जे लग्नाचे फोटो होते ते कायमचे गेले.

हे आकडे आपल्याला बघता येतात, डिस्क स्वतःच त्यांची नोंद ठेवते, त्या सोयीला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ५ नंबरची ओळ (०५) म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ (तिथे C5 असं दिसतं) पेंडिंग, १९८ (C6) म्हणजे वाचताच न येणारे. तिथे रॉ व्हॅल्यू, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला आकडा, मुळात हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत) दिसते, म्हणजे १० लिहिलं असेल तर ते १६ समजायचं. १९९ (C7) म्हणजे डिस्क आणि कॉम्प्युटरच्या मधल्या वाटेत झालेल्या चुका, तो वाढत असेल तर बऱ्याचदा दोष डिस्कचा नसून केबलचा असतो, त्यामुळे डिस्क बदलायला धावण्याआधी केबल बदलून बघा. पण स्मार्ट ठीक दाखवतंय म्हणून निर्धास्त राहू नका. गुगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःला तपासताना सापडलेली चूक) आल्यानंतर ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता ३९ पट जास्त निघाली, आणि त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिलेला नव्हता.

आता क्लोन. साधी कॉपी-पेस्ट इथे चालत नाही, कारण एक फाइल अडली की पूर्ण काम अडतं, आणि फाइल इकडे तिकडे विखुरलेल्या असल्यामुळे हेडची धावाधाव होते ती वेगळीच. क्लोन म्हणजे फाइलचा विचारच न करता पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं उतरवून घेणे, त्यात पार्टिशन, विंडोज, सगळं आलं. डिस्क धडधाकट असेल तर क्लोनझिला नावाचं क्लोन काढायचं सॉफ्टवेअर बास आहे, पण बॅड सेक्टर असतील तर माझ्या मते एकच नाव, जीएनयू डीडीरेस्क्यू, अँटोनियो डियाझ डियाझ यांनी लिहिलेलं आणि फुकट. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवून अवघड मागे ठेवतात, तसंच हे चालतं. पहिल्या फेरीत जिथे अडलं तिथून ते थेट पुढे उडी मारतं, परत अडलं तर आणखी मोठी उडी, आणि चांगला भाग आधी सुरक्षित करून घेतं. मग सोडलेल्या तुकड्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आत येतं, मग उरलेला भाग एकेक सेक्टर करत, आणि सांगितलं असेल तर शेवटी पुन्हा प्रयत्न. समजा डिस्क मध्येच मेलीच, तरी तोपर्यंत सहज मिळण्यासारखं जवळपास सगळं हातात आलेलं असतं.

कुठला भाग झाला आणि कुठला राहिला याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं, आणि ही फाइल वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवाच. डीडीरेस्क्यू सहसा पेन ड्राइव्हवरून चालू केलेल्या लिनक्समधून चालवतात, आणि तेव्हा डेस्कटॉपवर सेव्ह केलेली फाइल बऱ्याचदा रॅममध्येच असते, लाइट गेली की तीही गेली. मॅपफाइल शाबूत असेल तर लाइट आल्यावर काम होतं तिथून पुढे सुरू होतं.

आजारी डिस्कवरून विंडोज चालू करू नका, ते मागे शंभर गोष्टी वाचत आणि लिहीत असतं. आणि कुठली जुनी कुठली नवी हे ठरवताना लेबलवरचा सिरियल नंबर स्क्रीनवरच्या नंबरशी अक्षर न अक्षर जुळवा, कारण उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते आणि मग कुणीच काही करू शकत नाही. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच हवी. इथे बरेच जण फसतात, एक टीबीच्या हार्ड डिस्कसाठी ९६० जीबीची एसएसडी आणतात, पण एक टीबी म्हणजे १,००,०२० कोटी बाइटपेक्षा थोडं जास्त, ते ९६० मध्ये पूर्ण बसणारच नाही. वेळ किती लागेल? सेकंदाला १०० एमबीने एक टीबीला पावणेतीन तास, जुन्या यूएसबी २ मधून सात-आठ तास, आणि डिस्क खरंच वाईट असेल तर काही दिवससुद्धा. तोवर तिच्यावर टेबल फॅन लावून ठेवा.

क्लोन झाला की दोन्ही डिस्क एकत्र जोडून विंडोज सुरू करू नका, दोघींची ओळख एकच असल्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं. चेकडिस्क चालवायचं ते आता, क्लोनवर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधीच शोधून ठेवा. नेमक्या कुठल्या फाइल खराब झाल्या ते शोधायची एक छान युक्ती आहे, डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने क्लोनवरच्या न मिळालेल्या जागांमध्ये एखादा ओळखीचा शब्द भरायचा आणि मग तो शब्द कुठल्या फाइलमध्ये सापडतो ते बघायचं. बऱ्याचदा खराब जागा रिकाम्या भागात किंवा विंडोजच्या फाइलमध्येच निघते.

आता यातलं काहीच करायचं नाही अशी परिस्थिती. डिस्क पडली असेल, ठराविक तालात टक टक करत असेल किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) दिसतच नसेल तर तिची पॉवर काढा. हेड खराब असेल तर ते तबकडीवर ओरखडे काढत असण्याची शक्यता असते. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय विसरा, बाहेर काढल्यावर दव धरतं आणि ते पाणी आत गेलं की तबकडीची वाट लागते. तसल्याच मॉडेलचं सर्किट बोर्ड लावूनही सहसा भागत नाही, त्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कची मापं साठवलेली असतात. डेटा अनमोल असेल तर क्लीन रूम, म्हणजे डिस्क उघडायला धूळमुक्त खोली, असलेल्या रिकव्हरीवाल्याकडेच जा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करतानासुद्धा हाच प्रश्न आधी विचारा. नीट हातात पडली तर डिस्क काय काय सोसून डेटा देते याचं उदाहरण म्हणजे नासाचं कोलंबिया अंतराळयान, २००३ मध्ये ते कोसळल्यावर अवशेषांत एका प्रयोगाची जळकी हार्ड डिस्क सापडली, तबकड्या शाबूत राहिल्या होत्या, आणि तिच्यातून ९९ टक्के डेटा निघाला, त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये छापूनही आले.

जुनी डिस्क लगेच फेकू नका, नवीवरचे फोटो, टॅलीचा डेटा, स्कॅन केलेले कागद खरंच उघडतात ना ते नीट बघून घ्या. नंतर मात्र ती भंगारात तशीच देऊ नका, तिच्यावर तुमचं आधार, पॅन सगळं अजून आहे आणि आजारी डिस्क सॉफ्टवेअरने पूर्ण पुसली जाईलच असं नाही. तबकड्या फोडायच्या. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बऱ्याचदा काचेच्या असतात, तेव्हा जाड कापडात गुंडाळा, डोळ्याला चष्मा लावा आणि मग हातोडी घ्या.