लेकरू मांडीवर घेतलं की कोणताही झुला चालते?

जत्रेचा टाइम आला की ग्रुपवर हा मेसेज फिरतेच, "लहान लेकराला मांडीवर घट्ट धरून बसा, मंग कोणताही झुला सेफ." पटते पण लवकर, कारण एसटीत, बंडीत आपण तसंच बसवतो ना. झुल्याचं गणित वेगळं आहे. समोरचा दांडा अडकते तो मोठ्या माणसाच्या मांडीवर, लेकरू मधात असलं की एकतर दांडा नीट लागत नाही, नाहीतर लेकरूच दांडा आन आपल्या पोटाच्या मधात दाबल्या जाते. आन हाताचा जोर म्हणाल तर झुला झटक्यात वळला, जोर दुप्पट झाला, की 12 किलोचं पोरगं हाताले 24 किलोचं लागते, मंग किती धरसान? झुल्यापाशी पाटीवर वयाऐवजी कमीत कमी उंची लिहिते ती बहुतेक याच्याचसाठी, चार वर्षाचे दोन पोट्टे सारख्या उंचीचे थोडीच असतात.

घरीच लेकराला चप्पल काढून भिंतीला उभं करा आन टेपनं उंची मोजा. पाटी नसली तर झुला बंद असताना लेकराला एकट्याला बसवून पाहा, पाठ टेकते का, दांडा मांडीपर्यंत येते का, हात पकडायला पुरते का. नसन जमत तर घोड्यांचा हळू फिरणारा गोल झुला बरा, बाजूला आपण उभं राहाचं. आमची पोट्टी तर त्याच्यावरूनच उतरत नाही.