ब्रेक डिस्कची जाडी: व्हर्निअरचा आकडा का फसवतो

‘व्हर्निअरने (सरकत्या जबड्यांच्या मापपट्टीने) साडेचार मिलिमीटर भरली, डिस्क चांगली आहे’ असं कोकणात गॅरेजोगॅरेजी सांगतात. हे चूक आहे, आणि धोक्याचं. ब्रेकचा पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत घासत नाही. तिथे न झिजलेला काठ उरतो, खाऱ्या हवेने त्यावर गंज चढतो आणि व्हर्निअरचे सपाट जबडे नेमके त्यावरच टेकतात.

मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं साधन) आतल्या घासलेल्या पट्ट्यावर लावा. आधी डिस्क पुसा, शून्य तपासा, मग रॅचेट (टोकाची छोटी मूठ) टिकटिकेपर्यंत फिरवा. स्लीव्हवर (स्थिर नळीवर) ३ च्या पुढची अर्ध्याची रेघ उघडी आणि थिंबलवर (फिरत्या नळीवर) २७, म्हणजे ३.५ + ०.२७ = ३.७७. ती रेघ नजरेतून सुटली की ३.२७ वाचलं जातं. पाच-सहा जागी मापून सर्वांत कमी आकडा धरा. डिस्कवर किमान जाडी ४.० कोरलेली असेल, तर ही डिस्क बदलायचीच.